चिंचेनं घासलेली नाणी

दिवस: आश्विन अमावास्या, लक्ष्मीपूजन, यंदाचं.
ठिकाण: भिवंडीजवळचं वळ गाव, दादाचं घर.
हजर: दादा, वहिनी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, शेजारचे चुलत काका, आळीतल्या तीन-चार बायका. मी सर्वांत शेवटी.

उशिराचं कारण नेहमीचं. मी वळच्या एका गोडाऊनमध्ये स्टॉक सांभाळते, आणि दिवाळीच्या आठवड्यात अख्ख्या देशाला एकाच वेळी मिक्सर आणि चपला हव्या असतात. शिफ्ट संपली तेव्हा पूजेची वेळ टळत आली होती. गोडाऊनपासून दादाचं घर चालत जाण्याइतकं जवळ आहे, कारण ते गोडाऊन आमच्याच शेतावर उभं आहे. नवीन माणूस कामावर लागला की हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकते. नंतर कोणीतरी दबक्या आवाजात सांगण्यापेक्षा ते बरं.

दारात चपला काढत होते तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. चौरंगावर लक्ष्मीची तसबीर, नवी केरसुणी, लाह्या-बत्ताशे, झेंडूची माळ. तसबिरीपुढे ताम्हन, ताम्हनात तांदूळ आणि तांदळावर गोल मांडलेली आठ नाणी. लाल, कोरी, नुकत्या घासलेल्या कळशीसारखी चकाकणारी. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट.

मला वाटलं, वहिनीनं बाजारातून पूजेची नाणी आणली असतील. लक्ष्मीचा छाप मारलेली मिळतात तशी. नमस्काराला वाकले आणि जवळच्या नाण्यावरची बाई दिसली. डोक्यावर तटबंदीचा मुकुट, मानेवर सुटलेली एक बट, आणि मुकुटाच्या एका बुरुजाला गेलेली बारीक चीर. ती चीर मला पाठ होती.

नाणी माझी होती.

मी जुनी नाणी जमवते. शिवराई नाही, राणीछाप रुपया नाही. रोमन साम्राज्याच्या कडेच्या प्रांतांत, ग्रीक बोलणाऱ्या गावांनी आपापल्या टांकसाळीत पाडलेली तांब्या-काशाची चिल्लर. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, त्याचा तुम्हाला काय उपयोग? उपयोग काही नाही. या नाण्यांवर बहुतेकदा एका बाजूला सम्राटाचं तोंड असतं. ते सक्तीचं. दुसरी बाजू मात्र गावाची असते. तिथे कोणी आपलं देऊळ काढलंय, कोणी नदी, कोणी बैल, कोणी द्राक्षाचा घड, आणि भोवती ग्रीक अक्षरांत गावाचं नाव. कितीतरी गावं अशी आहेत की ती आज जमिनीवर शोधावी लागतात, पण नाण्यावर त्यांचं नाव आहे. मला ही दुसरी बाजू आवडते. मी ग्रीक अक्षरं मोबाइलवरच्या तक्त्यावरून शिकले, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता.

सुरुवात योगायोगानं झाली. कंपनीनं ट्रेनिंगसाठी मुंबईत फोर्टात पाठवलं होतं. दुपारी उन्हातून चालताना एका जिन्याखालच्या दुकानात जुनी नाणी दिसली. दुकानदार म्हातारा होता. त्यानं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. काळपट हिरवं, आपल्या रुपयाएवढं. मुकुट घातलेली बाई. मी म्हटलं, ही कुठली राणी?

तो म्हणाला, "रानी नहीं है, मॅडम. ये शहर है."

त्या लोकांत शहराची देवता अशी दाखवायची पद्धत होती. शहराचं नशीब म्हणजे ती बाई. डोक्यावर शहराचा तट घेऊन ती ताठ बसलेली असते, आणि काही नाण्यांवर तिच्या पायाशी नदी एका पोहणाऱ्या माणसाच्या रूपात वाहत असते. त्या वर्षी माझं लग्न मोडलं होतं आणि शेतही गेलं होतं. डोक्यावर अख्खं गाव घेऊन मान न वाकवणारी बाई मला त्या दिवशी घरी न्यावीशी वाटली. पक्की पावती घेतली. मग दुसरं नाणं, मग तिसरं. ज्यांना साडीची किंवा सोन्याची हौस असते त्यांना मला काही समजवावं लागत नाही.

मी कामानं स्टॉकवाली, त्यामुळे जमवणंही तसंच झालं. प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या वेगळ्या चौकटीत, चौकटीवर गाव आणि वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, दुकानाचं बिल. सगळं एका पत्र्याच्या पेटीत. ओल लागू नये म्हणून पेटीत बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या, ज्यांवर 'खाऊ नका' लिहिलेलं असतं. गोडाऊनमध्ये त्या पुड्यांना तोटा नाही.

या नाण्यांचा एकच कडक नियम आहे. पुसायचं नाही. तांबं शेकडो वर्षं मातीत राहिलं की त्यावर थर चढतो, हिरवा, काळा, कधी करवंदासारखा जांभळा. अक्षरांच्या कडा, बाईच्या नाकाची रेघ, हे सारं त्या थरानंच धरून ठेवलेलं असतं. जाणकार आधी तो थर पाहतात, मग नाणं. थर गेला की हातात तांबं उरतं.

आता पेटी दादाकडे कशी गेली ते. पावसाळ्यात माझ्या भिवंडीतल्या फ्लॅटच्या भिंतींना ओल आली. दिवाळीआधी भिंती खरवडून रंग काढायचं ठरवलं. खरवडलेला चुना, पाणी, कारागिरांची ये-जा, यात पेटी नको म्हणून ती वहिनीच्या कपाटात ठेवली. उघडू नका, एवढं सांगितलं होतं. का उघडू नका, हे वहिनीनं विचारलं नाही आणि सांगायला मीही थांबले नाही. रिक्षा खाली उभी होती.

वहिनी दिघाशीची. तिच्या माहेरी आणि आता आमच्याकडेही पद्धत अशी की लक्ष्मीपूजनाला घरात जेवढं धन आहे तेवढं पूजेला बसलं पाहिजे. मंगळसूत्र, पितळेचा डबा, बँकेचं पासबुकसुद्धा. घरात असून मांडलं नाही तर लक्ष्मी रुसते. म्हणून तिनं पेटी उघडली. सगळी नाणी मांडणं बरं दिसेना, म्हणून बाई असलेली तेवढी निवडली. ती नेमकी आठ निघाली, अष्टलक्ष्मी. हा तिला शुभशकुन वाटला. पण नाणी काळी. काळं धन पूजेला कसं मांडायचं? तिनं चौकटी कापल्या, चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, वरून राख. ताम्हन आणि समया घासायला बसली होतीच, त्यांच्याबरोबर नाणीही घेतली.

हे तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. मी ताम्हनावर वाकून तशीच बसले होते, तर ती शेजारी येऊन कुजबुजली, "ताई, ओळखलीत का? काळीमिट्ट व्हती. म्हटलं, तुमी एवढी जपून ठेवलीत, घासायला येळ कुठला तुमाला. बोटं बघा माझी."

तिनं बोटं दाखवली. खरंच सोलवटली होती.

वहिनीवर मी रागावू शकले नाही आणि आजही रागावता येत नाही. ही गोष्ट मला जास्त लागते. ज्याचं नुकसान केलं त्यावर तिनं मनापासून मेहनत घेतली होती. मी फक्त म्हटलं, छान झालीत. माझ्या आवाजात तिला काही जाणवलं असावं, कारण ती पटकन प्रसाद आणायला उठली.

इतपत झालं असतं तर मी ते गिळलं असतं. आठ नाणी गेली असं धरलं असतं. पण काका बोलले.

काकांना दादाला टोचल्याशिवाय प्रसाद गोड लागत नाही. त्याला कारण आहे. वळमध्ये गोडाऊनवाल्यांना जमीन देणारा पहिला माणूस आमचा दादा. वडील गेले, कर्ज नव्हतं, घाई नव्हती, पण कोणीतरी एजंट आला, गोड बोलला आणि दादानं शेत स्वस्तात देऊन टाकलं. मागे राहिलेल्यांनी थांबून थांबून विकलं. ते आज ज्या गाड्यांतून फिरतात, त्या गाड्या आमच्या घरासमोर वळताना दादा खिडकीतून बाजूला होतो. गावात कोणी काही घाईत केलं की म्हणतात, शेत इकल्यासारखं नको करू. हे वाक्य मी स्वतः कामावर ऐकलंय.

तर काका ताम्हनाकडे बघत म्हणाले, "काय रं, ही लक्ष्मी कंची? तुजी तं गोडाऊनखाली गेली ना?"

बायका हसल्या. वाईट म्हणून नाही, सवयीनं. दादाचं तोंड मी पाहिलं. तो हातातली वात निरांजनात नीट बसवत, काकांकडे न बघता म्हणाला, "गोडाऊनच्या पायाला खनलं तवा निघालेली हायत. आपल्या शेतातली. ठेवून दिली व्हती."

हसणं थांबलं. काका ताम्हनाजवळ सरकले. एका बाईनं पदर डोक्यावर घेतला आणि नमस्कार केला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. दादानं वर पाहिलंच नाही. पूजेची आरती सुरू व्हायची होती, घरात लोक होते, दिवा लागलेला होता. अशा वेळी बहिणीनं भावाला खोटा पाडायचं नसतं, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. आरती झाली. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा दादाच्या पाठीवर हात ठेवला.

हे खोटं पटण्यासारखं होतं, हीच पंचाईत. खाडीच्या पलीकडे कल्याण, एके काळचं बंदर. परदेशची जहाजं यायची, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं. पण जहाजांतून येत असे ते सोनं आणि चांदी. गावाबाहेर कोणी घेत नव्हतं अशी तांब्याची चिल्लर कोण कशाला समुद्रापार आणेल? सिरियातल्या बाजारात कांदे घ्यायला वापरायचं नाणं वळच्या भातखाचरात काय करतंय? पण हे समजवायला ऐकणारा लागतो.

पाडव्याला माझी सुट्टी होती. नाणी आणायला सकाळी गेले तर दारात चपलाच चपला. भाचीनं रात्रीच मोबाइलवर फोटो टाकले होते, खाली लिहिलं होतं, 'आमच्या शेतातलं गुप्तधन'. लोक दर्शनाला येत होते. एका म्हातारीनं ताम्हनात दहाची नोट ठेवून तीर्थ मागितलं. वहिनीनं गोंधळून तिला पाणी दिलं. दादा नवा सदरा घालून खुर्चीवर बसला होता आणि पायाच्या खड्ड्यात मडकं कसं फुटलं ते सांगत होता. रात्रीतून मडकंही आलं होतं. जेसीबीवाल्याला काही कळू दिलं नाही, हेही होतं.

भाची मला आत घेऊन गेली. तिला नाण्यावरची अक्षरं विचारायची होती. मी उजेडात धरून पाहिलं. चार अक्षरं पूर्वी स्वच्छ वाचता यायची, आता दोन उरली होती, बाकीची चिंचेत विरघळली.

"हे गावाचं नाव," मी म्हटलं.

"आपल्या?"

"सिरियातल्या एका गावाचं. बेटा, ही मी विकत घेतलेली नाणी आहेत, तुला माहीत आहे."

ती मोबाइलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, पप्पा किती वर्षांनी बाहेरच्या खोलीत बसलेत बघ ना."

मी पाहिलं. खरं होतं ते. म्हणून त्या दिवशीही मी रिकाम्या हातानं परतले. उरलेली पेटी तेवढी बरोबर नेली. निघताना दादाला बाजूला घेऊन सांगितलं, भाऊबीजेला येईन तेव्हा आठही परत दे. लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. तो म्हणाला, देतो की, माझी काय हायत ती.

ही त्याची शेवटची खरी गोष्ट.

भाऊबीजेला मी पाट मांडला, रांगोळी काढली, ताट तयार केलं. दादा पाटावर बसला. काका होतेच. दोन दिवस ते सकाळ-संध्याकाळ येत होते, चहाला थांबत होते, दादाला शेठ म्हणत होते, आणि त्यात टोचणी नव्हती. मी टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. ताट त्याच्यापुढे धरलं आणि सगळ्यांदेखत हसत म्हटलं, दादा, या वर्षी साडी नको. माझी नाणी दे.

ओवाळणी मागताना बहीण काहीही मागू शकते, त्याला कोणी हरकत घेत नाही. म्हणून मी तो क्षण निवडला होता. मला वाटलं, यात त्याचीही सुटका आहे. भावानं बहिणीला हौसेनं दिली, असं गाव म्हणेल. मडकं राहील, खोटं राहील, नाणी मला मिळतील.

काकांनी हरकत घेतली.

"शेतातली ना ती? मंग बाय, तुजा काय त्यात? तू तं हक्कसोड करून दिलास."

हक्कसोड म्हणजे वडिलांच्या जमिनीवरचा आपला वाटा सोडल्याचा कागद. आमच्याकडे बहिणी तो देतात. भावानं सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात न्यायचं, बहिणीनं सही करायची, अंगठा उठवायचा, येताना साडी आणि हॉटेलात जेवण. न देणारीला माहेर तुटतं. मी दिला होता. आनंदानं दिला असं म्हणणार नाही, पण दिला, आणि त्यावर पुन्हा कधी बोलले नाही. शेत विकलं गेलं तेव्हाही नाही.

मी म्हटलं, "काका, ती शेतातली नाहीत. मी फोर्टातल्या दुकानातून घेतलीत. बिलं आहेत माझ्याकडे."

"म्हंजे दादा खोटा बोल्ला?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी ताट दोन्ही हातांनी धरलं. सगळे दादाकडे बघत होते. त्याला एक शब्द बोलायचा होता. हो किंवा नाही, दोन्ही मला चाललं असतं, निदान कुठे उभे आहोत ते कळलं असतं.

त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला. एक नाणं काढलं आणि माझ्या ताटात, सुपारीशेजारी ठेवलं.

"घे," तो म्हणाला. "यातलं एक तुझं."

काका म्हणाले, मन मोठं हाय पोराचं. बायका हो म्हणाल्या. मी ताट खाली ठेवलं, त्याच्या तोंडात पेढा घातला, त्यानं माझ्या घातला. जेवण झालं. मी भरल्या घरातून स्वतःचंच नाणं ओवाळणी म्हणून पर्समध्ये घालून निघाले. बुरुजाला चीर असलेलंच होतं ते. निवडून दिलं असेल की हाताला लागलं म्हणून, मी विचारलं नाही.

घरी येऊन ते भिंगाखाली ठेवलं. नाक गेलं होतं. मानेवरची बट गेली होती. मुकुट तेवढा होता, कारण तो खोल कोरलेला होता. पाठीमागे बैल होता असं मला माहीत आहे म्हणून तो दिसत होता. ज्याला माहीत नाही त्याला एक फुगवटा दिसेल.

त्यानंतर मी वळच्या घरी गेले नाही. ड्युटीला रोज जात होते, त्याच रस्त्यानं. गोडाऊनमध्येही गोष्ट पोचली होती. लोडिंगवाले मला विचारायचे, "मॅडम, और कुछ निकला क्या नीचे से?" मी म्हणायचे, निकलेगा तो पहले स्टॉक में चढ़ाऊँगी. ते हसायचे. मीही हसायचे. गावातल्या बायकांनी मात्र बोलणं कमी केलं. वहिनीनं एकदा फोन करून सांगितलं की लोक म्हणतात, ननंदेची नजर भावाच्या धनावर. ती रडत होती. मी तिला म्हटलं, तू रडू नकोस, तू फक्त भांडी घासलीस.

तुळशीचं लग्न झालं आणि तलाठी आला.

फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेले होते. माणूस सभ्य होता, असं नंतर दादानंच सांगितलं. चहा घेतला आणि म्हणाला, जमिनीत सापडलेलं जुनं धन सरकारला कळवावं लागतं, लपवलं तर गुन्हा होतो. पंचनामा करावा लागेल. कधी सापडलं, खणताना कोण हजर होतं, बाकीचं कुठे आहे. मडकं कुठे आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गोडाऊनच्या गेटवर आला. शेत दिल्यापासून तो त्या गेटपर्यंत कधी आला नव्हता. सिक्युरिटीवाला नवा, यूपीचा. त्यानं विचारलं, कहाँ से आये हो? दादा म्हणाला, इथलाच हाय. त्याला ते कळलं नाही, म्हणून मला बोलावलं.

आम्ही ट्रकांच्या सावलीत उभे राहिलो. दादानं इकडे तिकडे पाहिलं नाही, फक्त जमिनीकडे पाहत होता, तिथे आता सिमेंट आहे. मला त्याची दया आली. मग त्यानं तोंड उघडलं.

"ती बिलं हायत ना तुझ्याकडं?"

"आहेत."

"दे मला. तलाठ्याला दाखवतो गपचूप. गावात कोनाला कळायला नको."

मी त्याला समजावलं. बिलांना फोटो जोडलेत, फोटोंतली नाणी काळी-हिरवी आहेत, तुझ्या तिजोरीतली लाल आहेत. कोणी म्हणेल, बिल एकाचं, नाणं दुसऱ्याचं. तलाठ्याला फोटो पटणार नाहीत. पण बिलावर वजन लिहिलेलं आहे. घासल्यानं थोडं कमी भरेल, तरी प्रत्येकाचं वेगळं आहे, आठही ओळीनं जुळतील. त्यासाठी आठही एका जागी आणून तोलावी लागतील. तलाठ्यासमोर. मी येईन. तू ये. आणि काका.

"काका कशाला?"

"त्यांच्यासमोर बोललास म्हणून."

मागे एक कंटेनर रिव्हर्स घेत होता, त्याचा भोंगा वाजत होता. तो थांबल्यावर दादा म्हणाला, "तुला काय. तू नोकरीवाली, भिवंडीत राहतेस. मला या लोकांत मरायचंय."

मी म्हटलं, "मग सरकारला दे. शेतात सापडली तर सरकारची."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू शेत मीच विकलं होतं. म्हणाला, तुझा जीव त्या तांब्यात हाय. आणि गेला. गेटवरच्या माणसानं त्याला वाट करून दिली, अदबीनं, कारण तो मॅडमचा भाऊ होता.

या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. त्याचं खोटं मी समजू शकते. ज्या जमिनीपायी गाव त्याला हसलं, त्या जमिनीत काहीतरी होतं, ती साधी नव्हती, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण त्या जमिनीत माझाही वाटा होता, आणि तो मी सही करून सोडला. मग मी जे स्वतः उभं केलं, ज्याला वडिलांचा, नवऱ्याचा, कोणाचा हात लागलेला नव्हता, ते त्यानं उचलून त्याच जमिनीत पुरलं आणि तिथून आपलं म्हणून वर काढलं. हे समजूनही मला पचत नाही. काका निदान तोंडावर बोलले. दादानं मला बक्षीस दिलं.

तलाठ्याचा मला फोन आला. दादानं त्याला सांगितलं होतं की बहिणीकडे कागद आहेत, ती घेऊन येईल. नाण्यांचं काय, ते सांगितलं नव्हतं. तलाठी म्हणाला, "ताई, कागद आणि माल दोन्ही एकत्र आणा. नुसत्या कागदावर मी काय लिहू?" कामातला माणूस आहे, बरोबर बोलला. मी माझ्या खात्यातही हेच सांगते.

त्यानं थोडी मुदत दिली आहे. ओळखीच्या सोनाराकडून छोटा काटा मागून आणला आहे. तो टेबलावर आहे, कापड घालून. बिलं गावांच्या क्रमानं लावून ठेवली आहेत. माझ्याकडचं एक नाणं तोललं, ते लिहिल्यापेक्षा किंचित हलकं भरलं, जेवढं भरायला हवं तेवढंच. उरलेली सात दादाच्या तिजोरीत आहेत. किल्ली त्याच्या कमरेला असते, असं वहिनी म्हणते. तो माझा फोन उचलत नाही. काल भाचीला निरोप दिला की पप्पांना सांग, कुठे यायचं ते त्यांनी ठरवावं, मी सुट्टी टाकते.

सात नाणी तोलायची राहिली आहेत.